अशांत ठिकाणी जायचं की नाही? गावात बसून ठरवायची पद्धत

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणाची कुशीनगर-लुंबिनीची गाडी ठरते, कुणी पशुपतिनाथाला निघतं, कुणाला गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या सोयऱ्यांकडे लग्नाला जायचं असतं. कुणाची मुलगी बांगलादेशात डॉक्टरकी शिकते, कुणाचा भाऊ सीआरपीएफमध्ये मणिपुरात असतो. आणि नेमकी तेव्हाच टीव्हीवर जाळपोळ दिसायला लागते. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "काही होत नाही, टीव्हीवाले वाढवून सांगतात." दुसरा म्हणतो, "कुठंच जायचं काम नाही." चौकशी दोघांनीही केलेली नसते.

गावातल्या लोकांच्या यात्रा आखून द्यायचं काम मी करतो. त्या कामात जी पद्धत बसत गेली, ती इथे लिहितो आहे. "तो देश सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. विचारायचं ते असं: आपल्या तारखेला, आपल्या रस्त्यावर बिघडलं, तर आपल्यातला सगळ्यात थकलेला माणूस तिथून परत निघू शकेल का? पुढचं सगळं या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

आधी प्रवासाचे तुकडे पाडा

एक कोरा कागद घ्या. लुंबिनीला जायचं असेल तर "नेपाळ" असं लिहू नका. गाव ते तालुक्याचं स्टँड, तिथून नागपूर किंवा बडनेरा, रेल्वेने गोरखपूर, तिथून गाडीने सोनौली, सीमा ओलांडून भैरहवा, मग लुंबिनी, असे तुकडे एकाखाली एक लिहा. परतीचे तुकडेही वेगळे लिहा, कारण परतीची वेळ वेगळी असते आणि बऱ्याचदा रात्रीची असते.

प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी भरा. हा रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता? शेवटचं वाहन किती वाजता? आणि इथेच रात्र काढावी लागली तर कुठे? ज्या तुकड्यापुढे तिन्ही जागा रिकाम्या राहतील तो तुमच्या प्रवासाचा कच्चा दुवा. सगळी चौकशी त्याच तुकड्याची करायची, बाकीच्यांवर फार वेळ घालवू नका.

तुकडे पाडण्याचा फायदा नागपूरच्याच उदाहरणावरून सांगतो. १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात हिंसाचार झाला आणि संचारबंदी लागली. बातमी आली "नागपुरात कर्फ्यू" अशी. आदेश मात्र अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीपुरता होता: कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली वगैरे. बाकीचं शहर सुरू होतं. म्हणजे आदेशाबाहेरच्या धंतोलीत दवाखान्यात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि संचारबंदीतल्या महालात लग्नाचे कपडे घ्यायला जाणाऱ्याची वेगळी. पण एस.टी.ने येणाऱ्या माणसाने हेही पाहायला हवं होतं की नागपूरचं मध्यवर्ती बसस्थानक गणेशपेठेत आहे. संचारबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत २३ मार्चला पूर्ण उठली. म्हणून बातमीत शहराचं नाव वाचून थांबू नका. आदेशात कोणत्या पोलीस ठाण्यांची नावं आहेत ते वाचा आणि आपल्या कागदावरच्या तुकड्यांशी जुळवून पाहा.

आदेशाचे शब्दही नीट पाहा. जमावबंदी म्हणजे पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र जमायला मनाई. अशा वेळी प्रवास बहुतेक करून चालू असतो. संचारबंदी म्हणजे घराबाहेर पडायलाच मनाई. पूर्वी ज्याला लोक "एकशे चव्वेचाळीस" म्हणत तो आदेश १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. नुसतं "१६३ लागू" एवढं वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, खाली काय काय बंद केलं आहे ते वाचा.

राग कुणावर आहे आणि तारीख ठरलेली आहे का

गडबड-गडबडीत फरक असतो. आंदोलन जाहीर करून होत असेल तर तारीख, वेळ, रस्ता आधी कळतो. २८ ऑक्टोबर २०२५ ला कर्जमाफीसाठी बच्चू कडूंच्या नेतृत्वात शेतकरी नागपुरात आले आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवला गेला. प्रवाशांवर कुणाचाच राग नव्हता. तरी गाड्या तासन्‌तास उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला रस्ता मोकळा करायला सांगावं लागलं. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंदच त्या आंदोलनात होते, आणि त्यांची मागणी खरी होती असं मी मानतो. पण त्या दिवशी सेवाग्रामला किमोथेरपीसाठी जाणाऱ्या पेशंटला रस्ता लागतोच. अशा वेळी उपाय सोपा आहे: मोर्चाची घोषणा ऐकली की एक दिवस आधी निघा, नाहीतर दोन दिवस नंतर.

दोन समाजांतला तणाव याहून वाईट, कारण त्यात तारीख नसते आणि अनोळखी माणसाकडे त्याचं नाव, कपाळ, गळ्यातला गमछा पाहून पाहिलं जातं. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ ला आणि अकोल्यात मे २०२३ ला आपण हे पाहिलं. दोन्ही वेळा संचारबंदी लागली, नेट बंद झालं. अशा गावातून रात्री जायचं नाही, मग बायपास कितीही मोकळा असो.

मणिपूरची गोष्ट आणखी वेगळी. ३ मे २०२३ पासून तिथे खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी-झो या समाजांमध्ये जे पेटलं, त्याने खोरं आणि डोंगर यांच्यामध्ये जणू सीमाच आखली गेली. खोऱ्यातल्या इम्फाळला विमान उतरतं म्हणून डोंगराकडच्या चुराचांदपूरला जाता येईल असं धरून चालू नका. तुम्ही महाराष्ट्रातले, तुमचं कुणाशी वैर नाही, हे खरं. पण तुमचा ड्रायव्हर कोणत्या समाजाचा आहे यावर गाडी कुठपर्यंत जाईल हे ठरतं. भावाला भेटायचं असेल तर त्याच्या युनिटला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि राज्यात शिरायला इनर लाईन परमिट लागतं हेही लक्षात ठेवा.

टंचाईची अशांतताही असते. २०२२ मध्ये श्रीलंकेत पर्यटकांना कुणी हात लावत नव्हतं, पण पेट्रोल-डिझेलच नव्हतं. रांगा दिवसेंदिवस लागायच्या. अशा ठिकाणी पहिला प्रश्न इंधनाचा विचारायचा, मोर्चाचा नंतर.

चौकशी कुणाकडे आणि कशी

इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण चुकीचे निर्णय बहुतेक इथेच होतात.

"तिथं कसं आहे?" असं फोनवर विचारू नका. त्याला उत्तर येतं, "सब ठीक है" किंवा "फार खराब आहे", आणि दोन्हींचा उपयोग शून्य. ज्याचं उत्तर डोळ्यांनी पाहूनच देता येईल असं विचारा. आज सकाळी दुकानं किती वाजता उघडली? काल तू स्वतः त्या रस्त्याने गेला होतास का? शाळा भरली का? पेट्रोल पंप चालू आहे का? एटीएममध्ये पैसे आहेत का? काल रात्री शेवटची गाडी किती वाजता आली?

आणि कुणाला विचारता हेही तोलून पाहा. लॉजवाल्याला गिऱ्हाईक हवं असतं, तो "या" म्हणणार. तिथे राहणारी आत्या भ्यालेली असते, ती "येऊ नका" म्हणणार. दोघंही प्रामाणिक असतात, पण दोघांचंही माप एका बाजूला झुकलेलं असतं. माझा भरवसा सगळ्यात जास्त ड्रायव्हरवर, कारण त्याची गाडी आणि त्याचं पोट दोन्ही त्या रस्त्यावर असतं. आपल्याकडे त्याहून पक्का माणूस म्हणजे एस.टी. डेपोचा कंट्रोलर.

भामरागडकडे जायचं असेल तर अहेरी डेपोला फोन लावा. बोलणं साधारण असं होतं:

"साहेब, भामरागडची मुक्कामी गाडी चालू आहे का?"

"चालू आहे, पण काल आलापल्लीलाच थांबवली."

"कशामुळे?"

"वरून सांगितलं. आज पाहू."

एवढ्या बोलण्यात तुम्हाला सगळं कळलं. दिवसाची गाडी जाते आणि मुक्कामी गाडी आत पाठवत नाहीत, याचा अर्थ दिवसा जाता येईल, रात्र तिथे काढू नका. डेपो आपली गाडी आणि आपला चालक-वाहक रात्रभर कुठे उभा करायला तयार आहे, यापेक्षा खरा अंदाज कुठल्याच चॅनलवर मिळत नाही.

गडचिरोलीबद्दल एक सांगायलाच हवं. २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर हे दोन आठवडे माओवाद्यांचे म्हणून ओळखले जातात आणि त्या दिवसांत आतल्या भागात बंदचे फलक, झाडं आडवी टाकणं असे प्रकार वर्षानुवर्षं झाले. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या त्यांच्या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरणागती पत्करली. दहा वर्षांपूर्वीची भीती घेऊन आज हेमलकशाला जायचं टाळणं तिथल्या लोकांवर अन्याय करणारं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भामरागडचा रस्ता अडवते ती बहुतेक वेळा पर्लकोटा नदी. त्या दिवसांत बंदुकीआधी पुराची चौकशी करा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओचं काय करायचं? दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत ते पाहा, गाड्यांचे नंबर पाहा, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे की छत्री ते पाहा. मे महिन्याच्या म्हणून आलेल्या व्हिडिओत लोक शाली पांघरून असतील तर तो जुना आहे. टीव्हीवर एकच जळणारी बस तासभर फिरते. ती किती वेळा दाखवली याने परिस्थिती ठरत नाही. आणि खात्री नसलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. त्या ग्रुपवर जिचा मुलगा त्या शहरात आहे अशी एखादी आई असतेच.

दूतावासाची भाषा वाचायला शिका

देशाबाहेर जाणार असाल तर परराष्ट्र मंत्रालय आणि तिथल्या भारतीय दूतावासाचं निवेदन पाहायलाच हवं. त्यांची भाषा मवाळ असते. "सावध राहा" म्हणजे गर्दीपासून लांब राहा, बेत चालू ठेवायला हरकत नाही. "अनावश्यक प्रवास टाळा" किंवा "प्रवास पुढे ढकला" म्हणजे यात्रा, पर्यटन, लग्न हे सगळं रद्द. "ज्यांचं राहणं आवश्यक नाही त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा" हे वाक्य दिसलं की त्याच दिवशी तिकीट पाहायचं.

हे शेवटचं वाक्य युक्रेनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना १५ फेब्रुवारी २०२२ ला मिळालं होतं. अनेकांनी वाट पाहिली, कारण कॉलेज ऑनलाइन वर्ग घ्यायला तयार नव्हतं, हजेरी जाईल अशी भीती होती, तिकिटं महाग झाली होती. २४ फेब्रुवारीला आकाशच बंद झालं आणि मुलांना थंडीत पोलंड, रोमानियाच्या सीमेपर्यंत जावं लागलं. मधे नऊ दिवस होते. मुलगा परदेशात शिकत असेल तर आई-वडिलांनी त्याला आजच सांगून ठेवावं: असं वाक्य आलं की हजेरीचा विचार करू नको, निघ, पैशाचं आम्ही पाहतो. हे बोलणं शांततेच्या काळात झालेलं असलं की मूल फोन न लागतानाही निर्णय घेऊ शकतं. फोन खरंच लागत नाही. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये दूतावासाने प्रवास टाळा, बाहेर पडणं कमी करा असं सांगितलं आणि त्याच सुमारास देशभर इंटरनेट बंद झालं. तिथली पुष्कळ मुलं त्रिपुरातल्या आगरतळ्याजवळची आखौरा सीमा आणि मेघालयातलं डावकी या जमिनीवरच्या मार्गांनी परत आली. म्हणून जवळची सीमा कोणती, हे नेट चालू असतानाच कागदावर लिहिलेलं हवं.

किती लवकर बिघडतं हे नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलं. ४ सप्टेंबरला समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ ला तरुण रस्त्यावर उतरले आणि त्या एका दिवसात १९ जण मेले, ९ ला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार (सरकारी कचेऱ्यांचा वाडा) जळाले, काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि १० च्या संध्याकाळी उघडला. लुंबिनीच्या वाटेवरच्या भैरहवा-बुटवल भागातही संचारबंदी लागली. राजधानीपासून लांब आहोत म्हणून आपल्याला काही नाही, हे गृहीत धरायला जागा राहिली नाही. पण १२ तारखेला सुशीला कार्कींचं हंगामी सरकार आलं आणि हळूहळू रस्ते सुरू झाले. म्हणजे ६ तारखेला सीमा ओलांडणारा अडकला असता, आणि महिन्याने जाणाऱ्याला दर्शन मिळालं असतं. पुढचं निवडणुकीचं वेळापत्रक नेहमी पाहून ठेवा. मतदानाच्या सुमारास सीमेवरची ये-जा बंद ठेवली जाते.

पैसे भरायच्या आधी रेषा आखा

एकदा ॲडव्हान्स गेला की माणसाचा विचार बदलतो. "पन्नास हजार बुडतील" या भीतीपुढे बाकी सगळं लहान वाटायला लागतं. म्हणून नियम आधी ठरवायचे, सगळ्यांसमोर, कागदावर, सह्या करून. आमच्या गटाचा कागद असा असतो: आपल्या कुठल्याही तुकड्यावर संचारबंदी असेल तर जायचं नाही. नेट बंद असेल तर जायचं नाही. दूतावासाने प्रवास पुढे ढकला म्हटलं तर जायचं नाही. परतीचा एकच रस्ता उरला असेल आणि तोही रात्रीचा असेल तर जायचं नाही. वाटेत असताना यातलं काही झालं तर पुढचा मुक्काम सोडून मागे वळायचं, आणि ते सांगायचा अधिकार एकाच माणसाला. गटातल्या एखाद्या मावशीने "मला भीती वाटते" म्हटलं तर तिची चेष्टा करायची नाही. तिला घरून कुणीतरी न्यायला येईल अशी सोय करायची.

ट्रॅव्हल्सवाल्याशी बोलताना विचारा, संचारबंदीमुळे रद्द झालं तर ॲडव्हान्स परत की पुढच्या तारखेला वळता? चिठ्ठीवर लिहून घ्या. रेल्वेचं कन्फर्म तिकीट लवकर रद्द केलं तर कपात कमी, जसजशी वेळ जवळ येते तशी जास्त; रेल्वेनेच गाडी रद्द केली तर पैसे पूर्ण मिळतात. म्हणून शेवटची चौकशी निघायच्या तीन दिवस आधी करायची. प्रवास विमा घेत असाल तर दंगल, युद्ध, नागरी अशांतता यांचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं, आणि गडबड सुरू झाल्यावर घेतलेल्या विम्याचा तर उपयोगच होत नाही.

सामान

नेट गेलं की फोनपे गेलं, तेव्हा शंभर-पन्नासच्या नोटा दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रवासाचे दिवस अधिक आठ दिवस एवढ्या, तालुक्यावरूनच घ्या. औषधाच्या चिठ्ठीची झेरॉक्सही. नेपाळला जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावं. आपले लोक आधार कार्ड घेऊन निघतात, पण पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला सीमेवर ते चालत नाही. तिकिटं छापून घ्या, कारण संचारबंदीत स्टेशनवर किंवा विमानतळावर जायला पुष्कळदा छापील तिकीटच पास म्हणून दाखवावं लागतं. नंबर कागदावर लिहा. गाडीवरचे झेंडे आणि स्टिकर, मग ते निळे असोत, भगवे असोत की हिरवे, आपल्या जिल्ह्याबाहेर पडायच्या आधी काढून ठेवा. श्रद्धा मनात राहते, गाडी मात्र लांबून दिसते.

अडकलात तर

जमाव दिसला की त्यातून गाडी काढायचा प्रयत्न करू नका. वळवा आणि आलात त्या बाजूने पहिल्या मोठ्या गावापर्यंत मागे या. मोबाइलवर शूटिंग अजिबात नको, भांडणं तिथेच सुरू होतात. रास्ता रोकोत असाल आणि गाडीत पेशंट असेल तर हॉर्न न वाजवता खाली उतरून आंदोलनातल्या वयस्क माणसाशी बोला. "काका, पेशंट आहे" एवढं सांगितल्यावर आपल्याकडे वाट मिळते. हॉटेलात असाल तर तिथेच थांबा, रस्त्याकडची खोली सोडून मागची मागा, बादल्या भरून ठेवा. देशात ११२, रेल्वेसाठी १३९, परदेशात दूतावास.

जावंच लागलं तर

मयत, आजारपण, अडकलेलं लेकरू. इथे वरच्या रेषा तशाच लागू होत नाहीत, पण मग माणसं कमी करा. दहा जणांनी मयतीला जाण्याऐवजी दोघं जा, त्यातला एक हिंदी नीट बोलणारा. धोक्याचा तुकडा सकाळी सात ते दुपारी तीनच्या आत पार करा. प्रत्येक तुकडा ओलांडल्यावर गावातल्या एकाच ठरलेल्या माणसाला फोन, बाकी नातेवाइकांनी त्याच्याकडूनच ऐकायचं; नाहीतर बॅटरी सांगण्यातच संपते. त्या माणसाकडे निघायच्या आदल्या रात्री एक पाकीट द्या: सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या आणि तिकिटांच्या झेरॉक्स, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा आणि लॉजचा फोन, दूतावासाचा नंबर, कोण कोणतं औषध घेतं ते. संध्याकाळी सातचा फोन आला नाही तर त्याने रात्री दहापर्यंत वाट पाहायची, त्यानंतर लॉजला, मग पोलीस ठाण्याला किंवा दूतावासाला फोन करायचा, आणि हे त्याला तोंडी सांगून त्याच पाकिटावर लिहूनही द्यायचं.